आकार जुळला म्हणजे जोडणी जुळली असं नव्हे

खामगावच्या बाजारात चांदी घ्यायला गेलेला माणूस चकाकीवर भुलत नाही, कस पाहतो. तोच माणूस संगणकाच्या पाठीमागे हात घातला की वेगळा वागतो. पिन भोकात बसली ना, मग झालं काम! जुन्या व्हिडिओ कॅसेटमधलं चित्र संगणकात उतरवायला निघालेल्यांचा पैसा आणि वेळ बहुतेकदा याच समजुतीपायी वाया जातो. भोकाचा आकार ही नुसती चकाकी आहे. कस लागतो तो तीन प्रश्नांनी. सिग्नल इथून आत येतो की बाहेर जातो? तो कोणत्या जातीचा आहे? आणि भोकाच्या मागे त्याचं रूपांतर करणारी चिप बसवलेली आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय केबल, कार्ड किंवा कन्व्हर्टर यांपैकी काहीही विकत घेऊ नये, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय अजून शिळा झालेला नाही. नव्वदच्या दशकात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, लग्नाचं शूटिंग म्हटलं की व्हीएचएस कॅसेटच असे. पण कॅसेटवर फक्त लग्नंच उतरली असतील असं नाही. सिंदखेड राजाचा १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी, अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणी, सैलानीची यात्रा अशा प्रसंगी ज्यांनी त्या काळी कॅमेरा चालवला असेल, त्यांच्या कपाटात आज जिल्ह्याचा इतिहास पडून आहे. लोणारचंच घ्या. जून २०२० मध्ये तिथल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. आता एखाद्या कुटुंबाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लोणारच्या सहलीत काठावर उभं राहून केलेलं साधं चित्रण असेल, तर पाणी तेव्हा कोणत्या देवळापर्यंत पोचत होतं हे त्यात दिसेल. घरच्यांना ती सहल वाटते, अभ्यासकाला तो पुरावा असतो.

या कॅसेटना फार वेळ उरलेला नाही. व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुनाईने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालू आहेत, तेवढेच आहेत. बिघडलेल्याला दुसऱ्याचे सुटे भाग काढून जगवावं लागतं. टेपही आपोआप झिजते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा थर उष्णतेने आणि दमटपणाने सुटायला लागतो, पावसाळ्यात बंद पेटीतल्या कॅसेटवर पांढरी बुरशी चढते. घाटाखालचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा हे दोन्ही दरवर्षी सोसणाऱ्या टेपकडून फार अपेक्षा ठेवणं बरं नाही. त्यामुळे एकेक कॅसेट कदाचित एकदाच धड वाजेल असं धरून चालावं, आणि त्या एका वेळेला जोडणी बिनचूक असावी.

पहिला प्रश्न दिशेचा, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक असतं. बाजारात लाल, पांढरी, पिवळी अशा एव्ही पिनांचं एचडीएमआय करून देणारी छोटी डबी मिळते. मग व्हीसीआरच्या एव्ही पिना डबीत आणि डबीची एचडीएमआय केबल लॅपटॉपमध्ये लावली की चित्र यायला हवं, असं कुणालाही वाटेल. येत नाही. लॅपटॉपवरचं आणि ग्राफिक्स कार्डवरचं एचडीएमआय हे चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नव्हे. पिन नीट बसते, कुठे काही जळत नाही, फक्त पडद्यावर काही उमटत नाही, आणि मग दोष डबीला दिला जातो. डबीचंही तसंच. एव्हीचं एचडीएमआय करणारी आणि एचडीएमआयचं एव्ही करणारी अशा दोन्ही डब्या दिसायला अगदी सारख्या, भोकंही तीच, पण काम उलट. एकीकडून दुसरीचं काम होत नाही. घेताना डबीवर ‘इनपुट’ कोणत्या बाजूला छापलंय आणि ‘आउटपुट’ कोणत्या, हे दुकानातच वाचून घ्यावं.

ग्राफिक्स कार्डाला चित्र आत घेता येत असे, तो काळ मात्र खरोखरच होऊन गेला. एटीआय कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑल-इन-वंडर’ नावाची कार्डं आणली. त्यात पडद्यासाठी चित्र तयार करणं, टीव्हीचं प्रक्षेपण पकडणं आणि बाहेरचं व्हिडिओ चित्र आत घेणं अशी सगळी कामं एकाच कार्डात होती. पुढे एनव्हिडियाच्या चिपवर बनलेली अनेक कार्डंही ‘व्हिवो’ या नावाने विकली गेली. व्हिवो म्हणजे व्हिडिओ इन, व्हिडिओ आउट. मोबाइलच्या कंपनीशी याचा काही संबंध नाही. या कार्डांवर अ‍ॅनालॉग चित्राचे आकडे करणारी वेगळी चिप बसवलेली असे, आणि एकाच नावाचं कार्ड कधी त्या चिपसह तर कधी तिच्याविना विकलं जाई. मागच्या पट्टीवरचं गोल काळं भोक लांबून सारखंच दिसतं. त्यात चार छिद्रं असतील तर ते साधं एस-व्हिडिओ. सात असतील तर बहुधा फक्त टीव्हीला चित्र पाठवण्यासाठी. नऊ असतील तर बहुधा व्हिवो, म्हणजे आत आणि बाहेर दोन्ही. पण नऊ छिद्रांच्या भोकात साधी चार काड्यांची एस-व्हिडिओ पिन जशीच्या तशी बसत नाही. त्यासाठी कार्डाबरोबर आलेली चार शेपट्यांची केबलच लागते. कोणती काडी कोणत्या कामाची हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असल्याने एका कार्डाची केबल दुसऱ्याला चालेल याचीही खात्री नसते.

यावर कुणी म्हणेल, मग भंगारातून असं एखादं जुनं कार्ड आणून लावलं तर स्वस्तात काम होईल. होईल, पण अटी बऱ्याच आहेत. त्यातली बरीचशी कार्डं एजीपी स्लॉटची आहेत आणि तो स्लॉट आजच्या मदरबोर्डवर नसतो. त्यांचे ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या काळातले. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षेची दुरुस्ती देणं एप्रिल २०१४ मध्ये थांबवलं, त्यामुळे तसा संगणक इंटरनेटला जोडणं शहाणपणाचं नाही. वर केबल हरवलेली असेल तर कार्ड असून नसल्यासारखं. म्हणून ज्यांच्याकडे असा जुना संगणक कार्ड, केबल आणि ड्रायव्हरच्या सीडीसकट चालू आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये, नेटबंद ठेवून याच कामाला लावावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मुद्दाम त्याच्या शोधात फिरू नये. त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचं, एव्ही पिना आणि एस-व्हिडिओ दोन्ही थेट घेणारं कॅप्चर उपकरण हा सरळ रस्ता आहे.

दुसरा प्रश्न सिग्नलच्या जातीचा. पिवळ्या पिनमधून येतो तो कम्पोझिट सिग्नल. त्यात चित्राची उजेड-सावली आणि रंग एकाच तारेत कालवलेले असतात. एस-व्हिडिओत हे दोन वेगवेगळ्या तारांनी येतात. व्हीएचएस टेपवर मुळात दोन्ही वेगळे पट्टे धरूनच नोंदवलेले असतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत टेपवर रंगाचा सिग्नल सुमारे ६२७ किलोहर्ट्झला खाली उतरवून ठेवलेला असतो. वाजवताना व्हीसीआर तो वर चढवून ४.४३ मेगाहर्ट्झवर आणतो आणि पिवळ्या पिनसाठी उजेडात मिसळतो. पुढे कॅप्चर उपकरणाला तीच खिचडी पुन्हा डाळ-तांदूळ करून निवडावी लागते. निवडताना काही रंग उजेडात राहतो, काही उजेड रंगात, आणि शालूच्या बारीक जरीवर रंगीत ठिपके सरपटताना दिसतात. एस-व्हिडिओत ही मिसळ होतच नाही. म्हणून व्हीसीआर किंवा कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं भोक असेल तर तेच वापरावं. घरगुती व्हीएचएस प्लेअरना ते सहसा नसतं. एस-व्हीएचएस यंत्रांना आणि हाय-८ किंवा मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांना बहुधा असतं.

यावरचा आक्षेप ठरलेला असतो. व्हीएचएसचं चित्र मुळातच धूसर, त्याला एवढी मिजास कशाला? या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेने साधारण २४० रेषांएवढाच तपशील मावतो. पण यातून ३२० बाय २४० एवढ्याच आकारात चित्र उतरवलं तरी पुरे, असा जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. २४० हा आकडा आडव्या तपशिलाचा आहे. उभ्या दिशेने पालच्या ६२५ रेषांपैकी चित्राच्या ५७६ रेषा टेपवर असतातच. त्या सम आणि विषम अशा दोन हप्त्यांत येतात, सेकंदाला ५० हप्ते. २४० उंचीत उतरवायचं म्हणजे प्रत्येक जोडीतला एक हप्ता टाकून द्यायचा. अर्धा तपशील तर जातोच, वर हालचालीचा गुळगुळीतपणाही जातो आणि लेझीम खेळणाऱ्यांचे हात झटके देत हलतात. तेव्हा ७२० बाय ५७६ हाच आकार निवडावा आणि दोन हप्त्यांची विणकाम केलेली रचना उतरवताना तशीच राहू द्यावी. ती सपाट करायचं काम नंतर सावकाश, चांगल्या सॉफ्टवेअरने करता येतं. धूसर चित्रात तपशील आधीच कमी असतो, म्हणून उरलेला सांडू न देण्याची गरज तिथेच जास्त.

तिसरा प्रश्न चिपचा. ती नुसती असून भागत नाही, योग्य पद्धतीवर लावलेलीही हवी. कॅप्चर सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की अनेकदा ते अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर असतं. मग आपल्या कॅसेटचं चित्र काळंपांढरं दिसतं, नाहीतर वर-खाली पळतं. तिथे पाल-बी निवडलं की बहुधा सारं ठीक होतं. उलट अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससीची असते. ती वाजवणारा व्हीसीआर आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्या पद्धतीवर ठेवावे लागतात. स्वस्त यूएसबी उपकरणांच्या एकसारख्या दिसणाऱ्या खोक्यांत वेगवेगळ्या चिप भरलेल्या असतात. म्हणून घेताना रंगीत वेष्टन नव्हे, तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो का ते पाहावं आणि परत देण्याची मुभा असेल तिथूनच घ्यावं. एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी आणि तिच्यापुढे एचडीएमआय कॅप्चरची काडी असा दुहेरी मार्गही चालतो. पण त्यात डबी बहुतेकदा चित्र ताणून रुंद करते, सेकंदाचे ५० हप्ते ६० फ्रेममध्ये कोंबते आणि नवरदेव उगीच जाडा दिसू लागतो. दुसरा मार्गच नसेल तरच हा पत्करावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही उपकरणं फार खराब टेपचा सिग्नल चोरीविरोधी संरक्षण समजून अडवतात. घरच्याच कॅसेटवर तसा संदेश आला तर घाबरू नये, व्हीसीआरचं हेड साफ करून आणि ट्रॅकिंग जुळवून पुन्हा पाहावं.

चिपपाशीच थांबून टेपच्या डगमगीचाही विचार करायला हवा. पाल व्हीसीआरमध्ये हेडचा गोळा सेकंदाला २५ फेऱ्या घेतो. टेप ताणली किंवा सुरकुतली असेल तर प्रत्येक रेषा थोडी पुढे-मागे सुरू होते. जुना टीव्ही हे निभावून नेई. आकड्यांत चित्र मोजणारी चिप मात्र गोंधळते, फ्रेम गाळते आणि तासाभराने आवाज ओठांच्या मागे पडतो. यावर व्यावसायिक उपाय टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र आहे, पण घरच्या कामाला त्याचा खर्च सहसा परवडत नाही. मधला उपाय असा, की घरात किंवा शेजारी जुना डीव्हीडी रेकॉर्डर किंवा अ‍ॅनालॉग चित्र आत घेणारा मिनी-डीव्ही कॅमेरा पडून असेल तर व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये तो जोडून पाहावा. अशी अनेक यंत्रं सिग्नल सावरून पुढे देतात. आवाजाचा विचार वेगळा करावा. कार्डाच्या व्हिडिओच्या भोकातून फक्त चित्र जातं, आवाज लाल-पांढऱ्या पिनांतून साउंड कार्डाच्या फिकट निळ्या लाइन-इनमध्ये द्यायचा. गुलाबी भोक माइकचं. त्यात दिला तर आवाज फाटतो.

हेच तीन प्रश्न चित्र बाहेर पाठवतानाही लागू पडतात. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत प्रोजेक्टर जुना, फक्त व्हीजीएचा, आणि लॅपटॉप नवा, फक्त एचडीएमआयचा, ही अडचण अनेकांना येते. व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली, तीन ओळींत पंधरा छिद्रांची अ‍ॅनालॉग जोडणी. एचडीएमआय डिजिटल. दोन्ही टोकं जुळवणारी नुसती तार इथे उपयोगाची नाही, आत चिप असलेलं कन्व्हर्टर लागतं, आणि व्हीजीएतून आवाज जात नसल्याने स्पीकर वेगळा. डीव्हीआयमध्येही असाच चकवा आहे. भोकातल्या आडव्या चपट्या चिरेच्या भोवती चार बारीक छिद्रं असतील तर त्यातून अ‍ॅनालॉग चित्र मिळतं आणि साधं अडॅप्टर चालतं. नुसती चीर असेल तर नाही. एएमडीने २०१३ च्या आर-९ २९० मालिकेत आणि एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेत अ‍ॅनालॉग चित्र देणंच सोडून दिलं. व्हीजीएला तीन एव्ही पिना जोडलेली तारही बाजारात मिळते. साध्या कार्डावर तीही निरुपयोगी, कारण व्हीजीए सेकंदाला निदान सुमारे ३१,५०० रेषा पाठवतं आणि जुना टीव्ही १५,६२५ रेषांच्या वेगानेच चालतो. तार वेग बदलू शकत नाही, चिप बदलू शकते.

आता एवढी यातायात करण्यापेक्षा टीव्हीवर कॅसेट लावावी आणि मोबाइलने शूट करावी, हा सल्ला सर्रास दिला जातो. टेप शेवटच्या घटका मोजत असेल आणि हाताशी दुसरं काहीच नसेल तर तसंही करावं, काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण पडद्याच्या काळ्या पट्ट्या, खोलीतला उजेड आणि घरातला आवाज त्यात कायमचे बसतात. सगळं स्टुडिओवाल्याकडे द्यावं, हा दुसरा सल्ला योग्यच आहे, फक्त देताना विचारावं की कम्पोझिटने उतरवणार की एस-व्हिडिओने, आकार ७२० बाय ५७६ ठेवणार का, आणि नुसती डीव्हीडी न देता मूळ फाइलही देणार का. नीट उत्तर देणाऱ्याला दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही. तिसरा सल्ला नव्या काळातला, की पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र सुधारून देईल. ती गेलेला तपशील परत आणत नाही, त्या जागी अंदाजाने दुसरा भरते. आजीचा चेहरा अंदाजाने भरलेला कुणाला हवाय? सुधारणा पुढे करायची असली तरी तिला कच्चा माल उत्तमच लागेल.

प्रत्यक्ष कामाला बसताना आधी कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची छोटी टिकली मोडावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. बुरशी दिसली तर ती कॅसेट चालू व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून सैल करावी. वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल तर व्हीसीआर यूपीएसवर लावावा, कारण मध्येच बंद पडलेल्या यंत्रात टेप गोळ्याला गुंडाळलेली राहते. चित्रावर जाड आडवी पट्टी सरकत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आधी पाच मिनिटं उतरवून, रंग, आवाज आणि ओठांचा मेळ तपासून मगच पूर्ण कॅसेट लावावी. जागेचा हिशेबही आधी करावा. ७२० बाय ५७६ आकाराचं, न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी घेतं, डीव्ही पद्धतीत तेच १३ जीबीच्या आसपास बसतं. फाइल तयार झाली की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

कामाचा क्रम लावताना जुन्यातली जुनी आणि जिची दुसरी प्रत कुठेच नाही अशी कॅसेट आधी घ्यावी, सिनेमाच्या कॅसेट शेवटी. दुकानात जाण्याआधी व्हीसीआरच्या आणि संगणकाच्या पाठीचा मोबाइलने फोटो काढून न्यावा, आणि दुकानदार म्हणाला ‘बसते की पिन’, तर त्याला दिशा, जात आणि चिप हे तीन प्रश्न विचारावे. तिन्हींचं उत्तर मिळालं तरच पाकिटात हात घालावा.